राम घाट बघून शाखा निवडावी

उन्हाळ्यात उज्जैनच्या राम घाटावर डुबकी मारणाऱ्याच्या अंगावरून जे पाणी जातं, त्यातलं बरंचसं क्षिप्रेचं नसतं, नर्मदेचं असतं. क्षिप्रा इंदूरच्या आग्नेयेकडच्या टेकड्यांमध्ये उगम पावते. पावसाळ्यात ती घाटाच्या पायऱ्या आणि त्यांवरची लहान देवळं पोटात घेते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मात्र तिची धार जवळजवळ तुटते. म्हणून २०१४ साली नर्मदा-क्षिप्रा जोडप्रकल्प सुरू झाला. ओंकारेश्वर प्रकल्पाचं पाणी सिसलिया तलावातून उचलायचं, सुमारे ४७ किलोमीटर नळातून न्यायचं, साडेतीनशे मीटरच्या आसपास उंच चढवायचं आणि क्षिप्रेच्या उगमाजवळच्या उज्जैनी नावाच्या गावी पात्रात सोडून द्यायचं, अशी ही योजना. खर्च ४३२ कोटी रुपये. उज्जैनीपासून पुढे घाटापर्यंत ते पाणी नदीच्या वाटेने येतं.

दहावी-बारावीचे निकाल लागले की उज्जैनमधल्या घरांत एकच विषय चालतो: मुलाला आयटीआयला घालायचं, पॉलिटेक्निकला की इंजिनिअरिंगला, आणि शाखा कोणती? उत्तर शोधायला सगळे माहितीपत्रक उघडतात. त्यात शाखांची नावं, जागांचा तक्ता आणि हसऱ्या मुलांचे फोटो असतात, पण शाखा म्हणजे नेमकं कोणतं काम, ते काम या गावात कुठे चालतं आणि ते करणारा माणूस कोणत्या दारातून आत आलेला असतो, हे नसतं. माझं मत असं की आधी काम बघावं आणि मग माहितीपत्रक उलट्या बाजूने वाचावं. उज्जैनमध्ये त्यासाठी राम घाटाइतकी सोयीची जागा नाही. जवळजवळ प्रत्येक शाखेचं काम इथे उघड्यावर दिसतं.

सुरुवात त्या पाण्यापासूनच करू. प्रकल्पाची क्षमता सेकंदाला पाच घनमीटर, म्हणजे पाच हजार लिटर, म्हणजेच पाच टन वजन. ते साडेतीनशे मीटर चढवायचं तर ५,००० गुणिले ९.८ गुणिले ३५०, म्हणजे सुमारे १ कोटी ७१ लाख वॉट, साधारण १७ मेगावॉट वीज लागते. बारावीच्या भौतिकशास्त्रात हिशोब इथेच संपतो. प्रत्यक्षात नळातलं घर्षण आणि पंप-मोटारींत वाया जाणारी ऊर्जा धरली की आकडा बराच वर जातो. आता एकामागून एक प्रश्न उभे राहतात. नळाचा व्यास किती ठेवायचा? व्यास वाढवला तर घर्षण घटतं, पण पोलाद महागतं. चढण एका दमात पार करायची की टप्प्याटप्प्याने? वीज अचानक गेली तर नळातला पाण्याचा स्तंभ उलटा आदळून नळ फुटू नये, यासाठी काय करायचं? हे प्रश्न सोडवणारा माणूस पदवीधर असतो. नळाचं गणित सिव्हिलवाला करतो, पंपाचं मेकॅनिकलवाला आणि उपकेंद्राचं इलेक्ट्रिकलवाला.

पण प्रकल्प एकदा उभा राहिला की तो रोज चालवावा लागतो. कोणता पंप किती तास चालला, कोणत्या मोटारीचं तापमान चढतंय, कोणता व्हॉल्व्ह कधी उघडून बघायचा, याची नोंद आणि आखणी पदविकाधारकाकडे असते. मध्य प्रदेशात सरकारी खात्यात त्याला उपयंत्री म्हणतात, महाराष्ट्रात कनिष्ठ अभियंता. आणि बेअरिंग वाजायला लागलंय हे आवाजावरून ओळखून, शाफ्ट पुन्हा एका रेषेत आणणारा हात फिटरचा असतो. तो आयटीआयमधून आलेला असतो. एकाच पंपापाशी ही तीन माणसं उभी असतात. त्यांना एकमेकांच्या वर-खाली लावायची आपल्याला सवय आहे, पण फिटर नसलेल्या पंपघरात पदवीधराच्या गणिताला काडीची किंमत नसते. तीन माणसं तीन वेगवेगळ्या शिक्षणांतून येतात आणि उज्जैनमध्ये ती तिन्ही शिक्षणं तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

पहिलं ठिकाण मक्सी रस्त्यावरची सरकारी आयटीआय. इथे शाखा नसते, ट्रेड असतो. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, आणि सगळे कोपा म्हणतात तो कॉम्प्युटर ऑपरेटरचा, हे एका वर्षाचे. कोणत्या वर्षी कोणत्या ट्रेडच्या किती तुकड्या आहेत ते प्रवेशाच्या वेळी पाहून घ्यावं, कारण ते बदलत असतं. प्रवेश शालेय गुणांवर होतो. बहुतेक ट्रेडना दहावी लागते, काहींना आठवीही चालते. वेळापत्रकातला मोठा भाग वर्कशॉपचा असतो. शेवटी परीक्षा पास झाली की राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र मिळतं आणि ते देशभर चालतं. त्यानंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात किंवा रेल्वेत उमेदवारी करता येते. उज्जैन पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागात येत असल्यामुळे इथल्या मुलांचे डोळे त्या जाहिरातीकडे लागलेले असतात. उमेदवारीत विद्यावेतन मिळतं. उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नाही, पण कोरडं प्रमाणपत्र आणि उमेदवारी केलेलं प्रमाणपत्र यांत काम देणारा फरक करतोच.

दुसरं ठिकाण देवास रस्त्यावरचं सरकारी पॉलिटेक्निक. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका. प्रवेशाला एकेकाळी वेगळी परीक्षा होती, आता दहावीच्या गुणांवर यादी लागते. पदविकेबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की ती इंजिनिअरिंगची सोपी आवृत्ती आहे. तसं नाही. पदविकेतला सिव्हिलचा विद्यार्थी तुळईचं गणित कमी करतो, पण सर्वेक्षण, अंदाजपत्रक, काँक्रीटचं मिश्रण आणि साइटवरची मोजमापं जास्त करतो. उपयंत्री भरतीसाठी हीच अर्हता लागते. पदवीधराला साइटवर पहिल्या वर्षी जे शिकावं लागतं ते याला येत असतं, आणि पदवीधराला जे कागदावर येतं ते याला अडतं. ज्याला अकरावी-बारावीचं गणित डोक्यावरून जातं पण हाताने गोष्टी उभ्या करायला आवडतात, त्याच्यासाठी ही जागा आहे. घरचे लोक मात्र पॉलिटेक्निक म्हटलं की नाक मुरडतात.

तिसरं ठिकाण शहराच्या दक्षिणेला, इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे: उज्जैन इंजिनिअरिंग कॉलेज, स्थापना १९६६. जुने लोक अजून त्याला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय या पूर्वीच्या नावानेच ओळखतात. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, कॉम्प्युटर सायन्स आणि केमिकल या पदवीच्या शाखा. चार वर्षांचं बी.टेक. पहिलं वर्ष जवळजवळ सगळ्यांचं सारखं: गणित, भौतिक, रसायन, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, वर्कशॉप, थोडं प्रोग्रॅमिंग. शाखेचं खरं तोंड दुसऱ्या वर्षापासून दिसतं. कॉलेज भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाशी संलग्न आहे. हे विद्यापीठ १९९८ साली निघालं. त्याआधीच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर विक्रम विद्यापीठाचं नाव आहे. १९५७ सालचं ते विद्यापीठ उज्जैनचंच. आता त्याच्या नावात सम्राट विक्रमादित्य आहेत आणि इंजिनिअरिंगचा स्वतःचा विभागही आहे.

सरकारी कॉलेजांपलीकडे खाजगीही आहेत. महाकाल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी देवास रस्त्याकडे आहे. लेकोडा गावाजवळची अवंतिका युनिव्हर्सिटी डिझाइनवर भर देते आणि तिच्यामागे पुण्याच्या एमआयटी समूहाचे लोक आहेत. पुण्याहून आलेल्या मराठी पालकांना ते नाव लगेच ओळखीचं वाटतं. नाव ओळखीचं असलं तरी फी आणि शिक्षक यांची चौकशी तितक्याच बारकाईने करावी. आयआयटी इंदूरचा उपपरिसरही उज्जैनला मंजूर झाला आहे, पण त्याचा रोख संशोधनाकडे आहे. बारावीनंतर तिथे बी.टेक.ला बसायचं असं कुणी डोक्यात घेऊन बसू नये.

आता घाटाकडे परतू, कारण सिव्हिल हा इथला सगळ्यात मोठा विषय आहे आणि मुलं त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की हातभर भेगा पडतात. अशा मातीत साधा पाया घातला की भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते. म्हणूनच तळाशी फुगवटा असलेले पाइल वापरण्याची पद्धत आपल्याकडे आली. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तिच्यावर बरंच काम केलं. घाटाची अडचण याहून वेगळी. पायऱ्यांमागे भराव असतो. पूर येतो तेव्हा तो पाण्याने भरतो आणि पुढून नदी त्याला टेकू देत असते. पूर उतरतो तो झपाट्याने, पण भरावातलं पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. मग आतलं पाणी पायऱ्यांना नदीकडे ढकलतं. भरपूर घाट पूर चढताना टिकतात आणि उतरताना तुटतात, ते यामुळे. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवणं आणि त्यांमागे जाड-बारीक खडीची गाळणी घालणं हा स्वस्त उपाय आहे. पण ती भोकं बुजलीत का हे दर मोसमाआधी बघणारा माणूस लागतो, आणि तो पुन्हा पदविकेवालाच. २०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेच्या काठी सुमारे २९ किलोमीटर नवे घाट बांधायचं काम काढलेलं आहे. एवढ्या लांबीची भोकं तपासायची म्हणजे किती माणसं लागतील, हे विद्यार्थ्याने स्वतः मोजून पाहावं.

वाऱ्याचं गणितही उज्जैनने अलीकडेच पाहिलं. महाकालेश्वर मंदिराजवळच्या महाकाल लोक या नव्या परिसराचं उद्घाटन ११ ऑक्टोबर २०२२ ला झालं. २८ मे २०२३ च्या वादळात तिथल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. त्या फायबरच्या, आतून पोकळ होत्या. पोकळ मूर्ती वजनाने हलकी असते, पण वाऱ्याला तिचं वजन दिसत नाही, आकार दिसतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. हलक्या मूर्तीला हा दाब सोसायचा तर आतला पोलादी सांगाडा आणि पायातले बोल्ट यांच्यावर सगळी भिस्त. हे गणित पदवीच्या तिसऱ्या वर्षात येतं. ते न करताही मूर्ती उभी राहते, आणि पहिलं मोठं वादळ येईपर्यंत उभीच असते.

केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे फक्त खत कारखाना आणि रिफायनरी, असं समजून मुलं ती शाखा शेवटच्या पसंतीला टाकतात. त्यांना राम घाटावर आणून उभं करावं. इंदूरचं सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी घाटाच्या वरच्या अंगाला त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते. स्नानासाठीच्या पाण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन टाकायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. घाण जितकी जास्त तितके जिवाणू प्राणवायू अधिक ओढतात आणि मासे गुदमरतात. शुद्धीकरण केंद्रात हेच जिवाणू मुद्दाम पाळले जातात. टाकीत हवा सोडून त्यांना भरपेट खाऊ घालायचं आणि मग ते तळाशी बसले की वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं. हवा किती सोडायची, गाळ किती परत फिरवायचा, हा केमिकलचा रोजचा पेपर आहे. सिव्हिलमधली पर्यावरणाची बाजूही याच टाकीपाशी येऊन भेटते.

कान्हचं पाणी घाटाला लागूच नये यासाठी २०१६ च्या सिंहस्थाआधी पिपलिया राघोपासून कालियादेहपर्यंत सुमारे १९ किलोमीटरचा २.६ मीटर व्यासाचा जमिनीखालचा नळ टाकला गेला. कोरड्या दिवसांत त्याने काम केलं, पण पावसाचं पाणी आणि वाढलेलं सांडपाणी त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. आता बंद नाल्याचा नवा प्रकल्प हाती घेतला आहे: जमालपुऱ्यापासून सुमारे ३० किलोमीटर, काही भाग खणून झाकलेला, काही भाग बोगदा. सेवरखेडी-सिलारखेडी हा दुसरा प्रकल्प पावसाळ्यातलं क्षिप्रेचंच पाणी साठवून गरजेच्या वेळी परत नदीत सोडण्याचा आहे. त्याचा हेतू मला नर्मदेच्या पाण्यापेक्षा अधिक पटतो. पाणी शेजारच्या खोऱ्यातून चढवत बसण्यापेक्षा आपलंच पाणी अडवणं स्वस्त पडतं, आणि वर सांगितलेले ते १७ मेगावॉट आठवले की हे पटायला अवघड जात नाही.

इलेक्ट्रिकलची परीक्षा पर्वणीच्या रात्री होते. ओल्या पायऱ्या, अनवाणी माणसं, तात्पुरत्या वायरी. अशा ठिकाणी ३० मिलिॲम्पियर गळतीला तुटणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग नसेल तर लोखंडी खांबाला नुसता हात लागणंही जिवावर बेतू शकतं. हे काम इलेक्ट्रिशियन ट्रेडवाल्याचं, आणि त्यावर सही परवानाधारक पर्यवेक्षकाची. तो परवाना विद्युत निरीक्षकांच्या खात्यातून मिळतो आणि आयटीआय किंवा पदविकेनंतर तो काढणं हा मुलांनी हमखास करायचा उद्योग आहे. स्टेशनपासून महाकाल मंदिराकडे पावणेदोन किलोमीटरच्या आसपासचा रोपवेही होतो आहे. तो मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल यांच्या सीमेवरचा विषय. कॉम्प्युटर सायन्सबद्दल फार लिहीत नाही, त्याची जाहिरात इतर लोक पुरेशी करतात. स्मार्ट सिटीच्या नियंत्रण कक्षात कॅमेऱ्यांतून गर्दी मोजली जाते. तिथे कॉम्प्युटरवाला लागतो. आणि खांबावरचा कॅमेरा बंद पडला तर इलेक्ट्रॉनिक्सवाला.

घाटापासून थोड्या अंतरावर या गावातली सर्वांत जुनी तांत्रिक प्रयोगशाळा आहे, तीही मुलाला दाखवून आणावी. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्राची उतरती भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतक्याच कोनात, म्हणजे २३ अंशांहून थोड्या जास्त कोनात झुकलेली आहे. तिच्या सावलीने दाखवलेली वेळ आपल्या घड्याळापेक्षा सरासरी सत्तावीस मिनिटं मागे असते, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि उज्जैन ७५.८ च्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं. ज्याला हे गणित करताना मजा येते त्याला सर्वेक्षणाचा विषय जड जाणार नाही. शिंद्यांचं नाव आलंच आहे तर एवढंच सांगतो की राणोजी शिंद्यांच्या काळात उज्जैन मराठ्यांचं ठाणं झालं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं, आणि १८१० मध्ये दौलतराव ग्वाल्हेरला गेले तरी इथली मराठी घरं राहिली. पुढचा भाग मुख्यतः त्याच घरांसाठी आहे.

पदवीचा प्रवेश असा होतो. जेईई मेन द्यायची. मग राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन काउन्सेलिंगमध्ये नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, आणि कॉलेज-शाखा यांची पसंतीक्रमाने यादी. यादी लॉक केल्यावर फेरीत जागा मिळते. ती नको असेल तर वरची पसंती मिळण्याची वाट बघता येते, पण आधी मिळालेल्या जागेचं काय होतं ते त्या वर्षीच्या नियमांत वाचावं, तिथेच बहुतेक भांडणं होतात. उरलेल्या जागा बारावीच्या गुणांवर भरतात आणि त्याहीनंतर उरल्या तर कॉलेज पातळीवर, ज्याला सगळे सीएलसी म्हणतात. पसंतीची यादी लिहिताना मनातल्या खऱ्या क्रमाने लिहावी. अमुक कॉलेज मिळणारच नाही म्हणून ते खाली टाकण्यात काही फायदा नाही, वर लिहिल्याने मागच्या पसंत्यांचं नुकसान होत नाही.

राज्य बदललं की नियम बदलतात, आणि मराठी कुटुंबांची फसगत इथे होते. उज्जैनला तीन पिढ्या राहणारं घर मराठी बोलत असलं तरी मुलगा मध्य प्रदेशचा मूळ निवासी आहे, महाराष्ट्राचा नाही. त्याला पुण्यात जायचं असेल तर राज्याच्या कोट्यातून नव्हे, जेईईवर भरल्या जाणाऱ्या अखिल भारतीय जागांतून. उलट जळगाव किंवा बुलढाण्याहून उज्जैनला येणाऱ्याची तीच गत. जातीच्या प्रमाणपत्राचं तर त्याहून कडक: महाराष्ट्रात मिळालेलं प्रमाणपत्र मध्य प्रदेशच्या राज्य आरक्षणात चालत नाही, मग जात दोन्हीकडच्या यादीत असली तरीही. पालकांना हे काउन्सेलिंगच्या खिडकीवर कळतं, तेव्हा वेळ गेलेली असते. मध्य प्रदेशच्या मेधावी विद्यार्थी योजनेचंही तसंच. राज्य मंडळात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के मिळवलेल्या मुलाची फी सरकार भरतं, पण मूळ निवासी असल्याशिवाय आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्याशिवाय नाही.

एनआयटीची गोष्ट वेगळी आहे. १९६० च्या सुमाराला केंद्र आणि राज्यांनी मिळून प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयं काढली, त्यांतलं नागपूरचं विश्वेश्वरय्या कॉलेज १९६० चं आणि भोपाळचंही त्याच सुमाराचं. २००२ साली दोन्ही एनआयटी झाली. अर्ध्या जागा स्वतःच्या राज्याला, अर्ध्या बाकीच्या देशाला, ही पद्धत अजून चालते. त्यामुळे उज्जैनच्या मुलाला भोपाळ घरच्या कोट्यातून आणि नागपूर बाहेरच्या कोट्यातून, अशी दोन्ही दारं उघडी असतात. इंदूरचं एसजीएसआयटीएस, १९५२ चं, राज्याच्या काउन्सेलिंगमध्ये येतं आणि उज्जैनच्या मुलांची पहिली पसंती बहुतेक वेळा तेच असतं. ते नाही मिळालं म्हणून उज्जैन इंजिनिअरिंग कॉलेज, असा क्रम घरोघरी लागतो. घरी राहून सरकारी फीमध्ये शिकायचं हा हिशोब त्यात धरला तर तो क्रम नेहमीच बरोबर ठरतो असं मला वाटत नाही.

वर्षांचाही हिशोब मांडावा. दहावीनंतर अकरावी-बारावी आणि चार वर्षांचं बी.टेक. मिळून सहा वर्षं. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश, तिथली तीन, म्हणजेही सहाच वर्षं, आणि मध्येच थांबावं लागलं तर हातात पदविका आहे. दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. तो दोन, दोन आणि तीन अशा सात वर्षांत पदवीपर्यंत पोचतो, आणि तोपर्यंत त्याच्याकडे तिन्ही कागद असतात. एक वर्ष जास्त, पण फिटरचा हात, उपयंत्र्याचं डोकं आणि पदवीधराचं गणित एकाच माणसात. अडचण फक्त गणिताची. बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षात थेट आलेल्या मुलांना पहिल्या वर्षाचं गणित कुणी शिकवलेलं नसतं, आणि ते त्यांनी सुटीत स्वतः भरून काढावं लागतं.

उज्जैनच्या जुन्या कापड गिरण्या बंद पडल्या आणि आता देवास रस्त्यावरच्या विक्रम उद्योगपुरीत कारखाने येत आहेत, वैद्यकीय उपकरणांचं पार्कही तिथेच आहे. म्हणजे आयटीआय-पदविकावाल्यांना गावातच काम मिळण्याची शक्यता वीस वर्षांपूर्वीपेक्षा बरी आहे.

शेवटी, कॉलेज बघायला जाल तेव्हा फाटक आणि इमारत बघून परतू नका. सिव्हिलच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र असतं. त्याच्या वहीत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते विचारा. हायड्रॉलिक्सच्या खोलीत पाण्याची उघडी काचेची नाली असते, ती चालू करून दाखवायला सांगा. पॉलिटेक्निकात सर्वेक्षणाची टोटल स्टेशन किती आहेत आणि एका यंत्रामागे किती मुलं, हे विचारा. आयटीआयमध्ये वेल्डिंगच्या बूथमध्ये त्या दिवशी काम चाललंय का ते बघा. नोकऱ्यांचा आकडा विचाराल तर शाखावार आणि मधल्या विद्यार्थ्याचा पगार मागा, सर्वांत मोठ्या पॅकेजचा नको. आणि मुलाला विचारा, घाटावरचं कोणतं काम बघताना तो सगळ्यात जास्त वेळ थांबला होता.